नवी आवृत्ती आली की आपण आधी रागावतो आणि मग तीच खेळू लागतो, असे का होते?

तापीतीर (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आमचा सहा जणांचा गट २०१७ पासून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे घेऊन, फासे टाकून गोष्ट घडवण्याचा खेळ खेळतो. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या माडीवर बैठक भरते आणि उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून डाव चालतो. सध्याची मोहीम फारुकी सुलतानांच्या खानदेशावर बेतलेली आहे. अकबराच्या फौजेने आसीरगडाला वेढा घातला आहे, आमची पात्रे गडाच्या आत अडकली आहेत आणि या वेढ्यात आमचे जवळजवळ दीड वर्ष गेले आहे.

गेल्या बैठकीला आमच्यातील एकाने २०२४ चे नवे प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंसाठीचे नियमांचे पुस्तक, आणले. ३८४ पानांचे, देखणे पुस्तक आहे. ते हातोहात फिरले, चित्रांचे कौतुक झाले आणि अर्ध्या तासात वाद पेटला. त्या दिवशी एकही फासा पडला नाही. आमच्यातील सर्वांत अबोल खेळाडूचे पात्र पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा, आहे. डिव्हाइन स्माइट (लागलेल्या वाराला दैवी जोर देणारी त्याची शक्ती) आता मंत्र झाला असून त्यासाठी पाळीतील एकमेव छोटी जादा कृती म्हणजे बोनस अॅक्शन खर्चावी लागते आणि तो एका पाळीत एकदाच वापरता येतो, हे वाचल्यावर त्याने पुस्तक मिटले आणि विचारले, "म्हणजे मी सात वर्षे खेळलो ते चूक होते का?" त्याला काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही.

माझे मत असे आहे की हा राग केवळ नियमांवरचा नसतो. एखादा नियम आपण इतक्या वेळा वापरलेला असतो की त्याला आठवणी चिकटलेल्या असतात. अमुक दिवशी वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला, दोनदा स्माइट केला आणि गडाचा दरवाजा वाचला, ही गोष्ट आम्ही अजून सांगतो. नव्या नियमांत ती गोष्ट घडूच शकत नाही. म्हणून मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रत्येक आवृत्तीच्या वाट्याला असाच राग येतो का? आणि मोहीम अर्ध्यावर असताना आम्ही काय करावे?

लळिंगचा पहारेकरी (धुळे)

मी १९९६ मध्ये पुण्याच्या वसतिगृहात दुसऱ्या आवृत्तीच्या झेरॉक्स प्रतींवर हा खेळ शिकलो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवातून देता येईल. होय, राग प्रत्येक वेळी येतो, परंतु प्रत्येक वेळचा राग एकसारखा नसतो.

दुसऱ्या आवृत्तीत थॅको नावाचा अंक असे. आर्मर क्लास जितका कमी तितके चिलखत चांगले, आणि थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा केला की फाशावर किती पडले पाहिजे ते कळे. थॅको १७ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ३ असेल तर १४ हवेत. तोच उणे २ असेल तर १९ हवेत. आम्ही ही वजाबाकी डोळे मिटून करत असू आणि नव्या मुलाला ती जमली की तो गटाचा झाला, असे मानत असू. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे सगळे उलटे केले. आर्मर क्लास वरच्या दिशेने वाढू लागला, फासा टाका, त्यात आपला अंक मिळवा, तेवढे झाले की वार लागला. मी तेव्हा फार चिडलो होतो. आता खेळ पोरखेळ झाला, असे मी सर्वांना सांगत होतो. दोन महिन्यांनी माझ्या धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी कोणालाही न विचारता आपला वार मोजला आणि माझा विरोध तिथेच संपला. मला नियमाचे प्रेम नव्हते, तो येत असल्याचा अभिमान होता.

२००३ मध्ये साडेतीन आवृत्ती आली तेव्हाचा राग मात्र वेगळा होता. तिसरी आवृत्ती येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, लोकांनी पुस्तके पैसे साठवून घेतली होती, आणि बदल असे होते की जुने पुस्तक निरुपयोगीही होत नव्हते आणि पुरतही नव्हते. तो राग मला आजही रास्त वाटतो.

जंक्शन

आबा, थॅको इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर कोणी सांगितला नव्हता. आभारी आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पहारेकरी आबांनी तिसरी आणि साडेतीन सांगितली, पण ज्या आवृत्तीवर सर्वांत मोठा अन्याय झाला तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. २००८ ची चौथी आवृत्ती मी चार वर्षे चालवली आणि डीएम, म्हणजे डाव चालवणारा, म्हणून मला तिच्याइतकी मदत कोणत्याही पुस्तकाने केली नाही. प्रत्येक क्लासकडे, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्राच्या प्रत्येक पेशाकडे, कितीही वेळा, लढाईत एकदा आणि दिवसात एकदा वापरायच्या शक्ती असत, त्यामुळे पाचव्या पाळीला योद्ध्याने नुसते "मी तलवार मारतो" म्हणावे आणि जादूगाराने आकाश फाडावे, ही जुनी विषमता मिटली. राक्षसांची माहिती एका चौकोनात मावत असे. शाळेतून घरी आल्यावर पाऊण तासात माझा डाव तयार होई.

लोकांना ती आवडली नाही, कारण सगळे क्लास कागदावर एकाच साच्यातले दिसत आणि लढाई लांबत असे. लढाई लांबत असे, हे मीही मान्य करतो. पण या रागात एक व्यवहारही मिसळला होता. तिसऱ्या आवृत्तीसोबत आलेल्या ओपन गेम लायसन्समुळे इतर प्रकाशकांना त्या नियमांवर पुस्तके काढता येत होती, तर चौथीचा परवाना अधिक जाचक होता. ड्रॅगन आणि डंजन ही मासिके काढणाऱ्या पायझो कंपनीचा त्या मासिकांचा करार २००७ मध्ये संपला होता. तिने साडेतीनच्या खुल्या नियमांवरच २००९ मध्ये पाथफाइंडर काढला आणि जुन्या नियमांवर राहू इच्छिणाऱ्यांना एक भरभक्कम घर मिळाले. म्हणजे नाराजांनी केवळ तक्रार केली नाही, तर त्यांना जायला जागा होती. ती जागा नसती तर चौथीचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज २०२४ च्या पुस्तकात 'ब्लडिड' हा शब्द परत आला आहे. हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव मोजणारे गुण, निम्म्यावर आले की पात्र ब्लडिड होते, ही चौथीतली कल्पना आहे. ज्यांनी ती आवृत्ती नाकारली तेच आज हा शब्द आनंदाने वापरतात, याचे मला समाधान आहे.

तोरणमाळ (नंदुरबार)

चर्चा एकाच खेळाभोवती फिरते आहे, म्हणून एक निराळे उदाहरण देतो. आम्ही कॉल ऑफ क्थुलू हा भयकथांचा असाच खेळ खेळतो. हा खेळ १९८१ पासून चालू आहे आणि सध्या त्याची सातवी आवृत्ती वापरात आहे. त्यात पात्राचे मूलभूत गुण जुन्या ३ ते १८ च्या मापाऐवजी शंभराच्या मापात आले. आमच्या गटातील जुन्या खेळाडूंनी सुरुवातीला नाक मुरडले, परंतु जुना अंक पाचने गुणला की नवा मिळतो. आम्ही तीस वर्षांपूर्वी छापलेले एक कथानक चहा उकळेपर्यंत नव्या मापात आणले आणि त्याच संध्याकाळी खेळलो. जुने पुस्तक कपाटातून काढून नव्या नियमांशेजारी ठेवता आले की माणसाचा राग फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

याच्या उलट वॉरहॅमर फँटसी रोलप्लेचे झाले. त्याची २००९ ची तिसरी आवृत्ती खास चिन्हांचे फासे आणि पत्त्यांसारखी कार्डे घेऊन पेटीत आली. कल्पना चांगली होती, पण घरातील एकही जुना फासा तिथे चालत नव्हता. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीने पुन्हा शंभरी फाशांचा मार्ग धरला.

सातपुड्याचे माहेर (चोपडा, सध्या पुणे)

तापीतीर दादा, तुमची आठवणींची मांडणी मला भावली, पण ती अपुरी वाटते. मी चिडले त्याचे कारण आठवणी नव्हत्या. माझे कारण विश्वासाचे होते.

जानेवारी २०२३ मध्ये ओपन गेम लायसन्सचा नवा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द करून इतर प्रकाशकांकडून स्वामित्वधन मागण्याचा त्यात विचार होता. वीस वर्षे लोकांनी ज्या परवान्यावर आपली पोटे चालवली, तो एका कागदाने जाऊ शकतो, हे पाहून मला धक्का बसला. मी स्वतः छोटी कथानके लिहून विकते. त्या महिन्यात मी लिहीत असलेले काम बाजूला ठेवले होते. विरोध इतका झाला की २७ जानेवारीला हा खेळ काढणाऱ्या कंपनीने पाचव्या (२०१४ च्या) आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले आणि जुन्या परवान्याला हात न लावण्याचे जाहीर केले. नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या संकेतस्थळावर पात्रांच्या कागदातील जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून त्यांच्या जागी नव्या आणण्याची घोषणा झाली. पैसे देऊन घेतलेले पुस्तक आपल्याच पात्राच्या कागदावर बदलणार, हे कळल्यावर लोक पुन्हा उठले आणि काही दिवसांत तो निर्णयही मागे घेतला गेला.

या दोन्ही प्रसंगांत कोणाचाही नियमांवर राग नव्हता. तुमच्या माडीवर छापील पुस्तक आहे, ते रात्रीतून बदलत नाही. माझ्या चुलतबहिणीकडे सगळे काही मोबाइलवर आहे आणि तिची भीती त्यामुळे अगदी वेगळी आहे. म्हणून नव्या आवृत्तीला मिळणारा प्रतिसाद पाहताना पुस्तकात काय बदलले एवढे पाहून भागत नाही. जुने आपल्या हातात राहते की नाही, हेही पाहावे लागते.

तापीतीर

ताई, आपले म्हणणे मला मान्य आहे. तोरणमाळ यांचे कथानकाचे उदाहरण आणि आपले मोबाइलचे उदाहरण शेजारी ठेवले की माझ्या मांडणीत काय कमी होते ते दिसते. आठवणी जपायच्या तर जुना नियम निदान कपाटात तरी राहिला पाहिजे.

केळीबाग (रावेर)

मी शिक्षक आहे आणि सुट्ट्यांत गावातील मुलांना घेऊन हा खेळ खेळतो. आमचा डाव मराठीत चालतो, आणि रंगला की अहिराणी आणि लेवा बोलीवर जातो. "मी दार उघडस" असे एकाने म्हटले की दुसरा फासा उचलतो. त्यामुळे आवृत्ती बदलली की मला भाषांतरही बदलावे लागते, आणि त्यातून एक गोष्ट शिकायला मिळाली ती सांगतो. थोडे विषयांतर होईल, पण ते मुख्य प्रश्नाला धरून आहे.

जुन्या पुस्तकात मानव, एल्फ, ड्वार्फ यांना 'रेस' असा शब्द होता. पहिल्या वर्षी मी घाईत मुलांना विचारू लागलो, "तुझ्या पात्राची जात कोणती?" सगळे उत्साहाने सांगत होते. नवीन आलेला एक मुलगा मात्र गप्प बसला, त्याने खाली पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरू शकत नाही. त्याला वाटले की मी त्याच्याबद्दल विचारतो आहे. त्या दिवसापासून मी 'वंश' हा शब्द घेतला, तरी तो कागदावर लिहिताना हात अडखळत असे. नव्या पुस्तकात 'स्पीशीज' आले, आम्ही 'प्रजाती' म्हणू लागलो आणि तो प्रश्न सुटला. शिवाय गुणांची वाढ आता प्रजातीऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीवरून मिळते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला एल्फ काटक असू शकतो, हे माझ्या मुलांना समजावून सांगावे लागले नाही. इंटरनेटवर या बदलावर केवढी भांडणे झाली ते मी वाचले आहे. आमच्या ओट्यावर त्याचे स्वागत झाले.

गिरणाकाठ

सर, प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबलो. तरी आदराने एक मतभेद नोंदवतो. 'जात' हा शब्द आपण स्वतः बदललात, त्यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहिली नाही. मग याचे श्रेय पुस्तकाला कशाला द्यावे? चांगला डीएम पुस्तकाच्या पुढे असतो.

केळीबाग

श्रेय पूर्णपणे पुस्तकाचे नाही, हे खरे. पण मी एकटा बदल करतो तेव्हा तो माझ्या ओट्यापुरता राहतो. ते मूल उद्या जळगावात किंवा नाशिकात दुसऱ्या गटात बसेल, तेव्हा तिथेही तोच शब्द असला पाहिजे. छापील नियमाचे महत्त्व मला एवढ्याचसाठी वाटते.

लळिंगचा पहारेकरी

सरांच्या मुद्द्याला जोड देतो. शब्द बदलण्याचे काम दुसऱ्या आवृत्तीनेही केले होते, पण भीतीपोटी. तेव्हा अमेरिकेत हा खेळ सैतानी असल्याची ओरड झाली होती, म्हणून १९८९ च्या आवृत्तीतून डीमन आणि डेव्हिल हे शब्द काढून त्यांना तनारी आणि बाटेझू अशी नावे दिली गेली. हाफ-ऑर्क ही प्रजाती आणि असॅसिन हा क्लासही पुस्तकातून गेले. खेळणाऱ्यांपैकी कोणी ते मागितले नव्हते, आणि तिसऱ्या आवृत्तीत डीमन आणि डेव्हिल परत आले. बाहेरच्यांना शांत करण्यासाठी केलेला बदल आणि सोबत बसलेल्या मुलासाठी केलेला बदल यांत मला मोठा फरक दिसतो.

जंक्शन

मूळ प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो. तापीतीर भाऊ, मोहीम अर्ध्यावर असताना आमच्या गटाने सगळे एकदम बदलले नाही. आम्ही आधी पात्राच्या कागदाला हात लावावा न लागणारे नियम घेतले. थकव्याचे जुने सहा टप्पे आणि प्रत्येकाचे निराळे परिणाम कोणालाच पाठ नव्हते. नव्या नियमात प्रत्येक टप्प्याला वीस बाजूंच्या फाशावर २ वजा आणि वेग ५ फुटांनी कमी, एवढेच आहे. औषधाची कुपी आता बोनस अॅक्शनने पिता येते. अचानक हल्ला झाला तर पूर्वी पहिली पाळी वाया जात असे, आता पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला, म्हणजे इनिशिएटिव्हला, डिसअॅडव्हांटेज मिळतो (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा); त्यामुळे कोणी पाऊण तास नुसते बसून राहत नाही. क्युअर वुंड्स या जखमा बऱ्या करणाऱ्या मंत्राचा एक आठ-बाजूंचा फासा आता दोन झाला आहे, त्याला तर कोणी विरोधच केला नाही.

क्लास बदलताना मात्र जपा. एकाच डावात एक जुना आणि एक नवा योद्धा बसला की नव्याकडे शस्त्रांची मास्टरी असते आणि जुना खेळाडू मनातून हिरमुसतो. उपवर्ग, म्हणजे क्लासमधील खास शाखा, आता सर्वांना तिसऱ्या पातळीला मिळतो, त्यामुळे पहिल्या पातळीपासून देवाचे डोमेन हा उपवर्ग घेऊन आलेल्या क्लेरिकचे, म्हणजे पुजाऱ्याचे, काय करायचे, हेही आधीच ठरवा. आणि निर्णय त्या पॅलाडिनवर सोडा. त्याचे नुकसान सर्वांत जास्त आहे.

कळण्याची भाकर

पॅलाडिनला लेऑन हँड्स, म्हणजे हात ठेवून बरे करणे, आता बोनस अॅक्शनने करता येते, हे त्याला कोणी सांगितले का? पूर्वी त्यासाठी पूर्ण अॅक्शन जात असे.

तापीतीर

कळण्याची भाकर, खरे सांगतो, आमच्यापैकी कोणीही ते पान वाचले नव्हते. स्माइटच्या परिच्छेदावर आम्ही भांडत बसलो आणि पुढचे पान उलटलेच नाही. येत्या रविवारी मोहिमेबाहेरचा एक प्रायोगिक डाव ठेवतो आणि नंतर इथे लिहितो.

तापीतीर (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, सांगितल्याप्रमाणे लिहितो आहे. प्रायोगिक डावासाठी आम्ही आसीरगडाचाच एक दरवाजा घेतला, पात्रे तीच ठेवली, कागद मात्र नव्या नियमांनी पुन्हा भरले. ते भरण्यातच दीड तास गेला आणि मध्ये शेवभाजी आली. लढाईच्या तिसऱ्या फेरीत आमची जादूगार शून्यावर येऊन पडली. पॅलाडिन तिच्या शेजारी आणि समोर सरदार. जुन्या नियमात त्याला उपचार किंवा वार यांपैकी एकच करता आले असते. या वेळी त्याने बोनस अॅक्शनने तिला उठवले आणि त्याच पाळीत तलवारही चालवली. वार लागला, पण बोनस अॅक्शन संपल्यामुळे स्माइट करता येईना. तो बराच वेळ त्या फाशाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "आधी स्माइट करताना मी विचारच करत नव्हतो. आज मला ठरवावे लागले." ते त्याने आनंदाने म्हटले की खंतावून, हे मला नीट कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने सांगितले तसे ठरले आहे. आसीरगडाची मोहीम जुन्या नियमांनीच संपेल, कारण तो दरवाजा दोन स्माइटनी वाचला होता आणि तो तसाच वाचलेला राहिला पाहिजे. जंक्शन यांनी सुचवलेल्यांपैकी थकवा, कुपी आणि अचानक हल्ला हे तीन नियम आम्ही आतापासूनच घेतले आहेत. दिवाळीनंतर थाळनेरपासून नवी मोहीम सुरू होईल, ती पूर्णपणे २०२४ च्या नियमांनी, आणि त्यात तो पुन्हा पॅलाडिनच घेणार आहे. २०१४ चे पुस्तक माडीवरच्या फळीवर नव्याच्या शेजारी ठेवले आहे.

सर, थाळनेरच्या मोहिमेत आम्हीही 'प्रजाती' हाच शब्द वापरणार आहोत.

केळीबाग

दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडची दोन मुले भुसावळला मामांकडे येणार आहेत. त्यांच्याकडे आपापले फासे आहेत. थाळनेरच्या पहिल्या बैठकीला त्यांना बसता येईल का?

तापीतीर

अवश्य पाठवा. सतरंजी मोठी आहे. दोघांनी आपली पात्रे पहिल्या पातळीची करून आणावीत.